जिल्हा पानावरचं हवामान

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. पुढचे कितीतरी दिवस मराठी वर्तमानपत्रांत दुसरं काही नव्हतं, आणि नसणंच योग्य होतं. मग 9 ऑगस्टला आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी त्याला मानवजातीसाठी धोक्याचा लाल बावटा म्हटलं. तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं आणि मग पाऊस पडतो तेव्हा तुटून पडतो, हे विज्ञान त्या अहवालाच्या मुळाशी होतं. ती बातमीही छापून आली, देश-विदेशच्या पानावर, ग्रीसमधल्या वणव्याच्या फोटोसकट. तळीयेच्या पुनर्वसनाची बातमी तोवर आतल्या पानावर सरकली होती. दोन्ही बातम्या एकाच सकाळी माझ्या हातात होत्या आणि एकीने दुसरीला ओळखही दाखवली नाही.

मी काही वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काढली आहेत. त्यामुळे यात कुणाचा कट वगैरे नसतो हे मला ठाऊक आहे. पान कसं लागतं, एवढाच हा मामला आहे.

संध्याकाळी सातपासून तालुक्यांच्या बातम्या यायला लागतात. तालुका प्रतिनिधी हा बहुतेक ठिकाणी पूर्णवेळ पत्रकार नसतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, नाहीतर शाळेत नोकरी, नाहीतर घरची शेती. मानधन नावापुरतं, उलट वर्धापनदिनाच्या जाहिरातींचं टार्गेट त्याच्याच डोक्यावर. गारपीट झाली की हा माणूस मोटारसायकल काढून शिवारात जातो, आडव्या झालेल्या गव्हाचा फोटो काढतो, तलाठ्याला फोन लावतो आणि रात्री दीडशे शब्द पाठवतो. गाव, शिवार, पीक, किती एकर, कुणाची म्हैस दगावली, कुणाचे पत्रे उडाले. शेवटी ठरलेली ओळ: तातडीने पंचनामे करून नुकसानभरपाई द्यावी, अशी मागणी शेतकऱ्यांतून होत आहे.

साडेनऊला खालून पाव पान जाहिरात आली की त्या दीडशे शब्दांचे साठ होतात. बातमी शेवटून कापावी असा शिरस्ता, पण मागणीची ओळ कुणी कापत नाही. ती ठेवायची म्हणून मधलं जातं. किती वाजता झालं, माणसाचं वय किती, या गावात याआधी असं कधी झालं होतं, हे सगळं मधलं. हेडिंगचा साचा तर ठरलेलाच: अवकाळीचा तडाखा, बळीराजा हवालदिल, तोंडचा घास हिरावला. रात्री अकराला डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना जाणारी, सोडायची असते तेव्हा यापेक्षा वेगळं हेडिंग सुचायला माणूस फार ताजा असावा लागतो.

हवामान बदलाची बातमी येते ती दुसऱ्याच दाराने. वृत्तसंस्थेकडून, इंग्रजीतून, जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कच्या डेटलाइनने. ती वेगळ्या उपसंपादकाकडे जाते, वेगळ्या पानावर लागते. माझ्या पानावर गारा पडायच्या, शेजारच्या टेबलावर हिमनग वितळायचे. मधे चहाचे कप असायचे.

अमेरिकेतले अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी 1991 मध्ये टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं, ते या विषयात नेहमी उद्धृत होतं. एखादा प्रश्न एका प्रसंगाची, एका माणसाची गोष्ट म्हणून दाखवला तर पाहणारा दोष त्या माणसाकडेच ठेवतो. तोच प्रश्न आकडे, धोरण आणि काळाच्या पटावर मांडला तर जबाबदारी समाजाकडे, सरकारकडे जाते. आपल्या जिल्हा पानाला हे अर्धंच लागू पडतं. आपली बातमी नखशिखांत प्रसंगाचीच असते, तरी दोष बुडालेल्या माणसावर जात नाही. तो थेट तहसीलदारावर जातो, तिथून पालकमंत्र्यावर. अस्मानी आणि सुलतानी ही जोडगोळी आपल्याकडे शतकानुशतकं मुरलेली आहे. आभाळाने मारलं, राजाने तारलं नाही. मराठी बातमी अजून याच दोन आरोपींवर चालते, आणि पहिल्यावर खटला चालवता येत नसल्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर येतो.

अस्मानी-सुलतानीच्या या चौकटीला नावं ठेवायची मला घाई नाही. शेतकऱ्याला मदत मिळते ती कशी, हे एकदा बघितलं की ती का टिकली ते कळतं. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं तर मदतीला पात्र. 2015 च्या आधी हीच अट 50 टक्क्यांची होती. दुष्काळाला वर्षानुवर्षं पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, 50 पैशांच्या आत लागायची. पाऊस 64 झाला तर सोयाबीन तेवढंच सडतं, पण कागदावर काही घडलेलं नसतं. अशा वेळी गावाकडे बोलायला एकच जागा उरते, जिल्हा पानाचा तो साठ शब्दांचा तुकडा. कात्रण घेऊन लोक तहसीलमध्ये जातात. सप्टेंबर 2025 मध्ये सीना-मांजरा काठच्या गावांत पाणी शिरलं, जनावरं दावणीला बांधलेली मेली, शेतातली माती वाहून जाऊन खाली खडक उघडा पडला, तेव्हा ओल्या दुष्काळाची मागणी बातम्यांनीच लावून धरली. सरकारने ऑक्टोबरमध्ये 31 हजार 628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि मनरेगातून 3 लाख, याच्या चौकटी सगळीकडे छापून आल्या. त्यातलं हातात किती पडलं हा वेगळा विषय, पण ती चौकट माझ्या ओळखीतल्या शेतकऱ्यांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. आयपीसीसीचा अहवाल कुणी जपून ठेवलेला मला माहीत नाही.

शिवाय दुसरी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. हवामान बदल हा शब्द जिल्ह्यात पहिल्यांदा वापरायला शिकले ते शेतकरी नव्हेत, पुढारी. पूर ओसरल्यावर पत्रकार परिषदेत नाल्यावरच्या बांधकामांचा प्रश्न आला की उत्तर येतं, आता बघा, हा जागतिक प्रश्न आहे, तापमानवाढीपुढे आपण काय करणार. म्हणजे सुलतानाने स्वतःला अस्मानीत जमा करून घेतलं. त्या जागी बसलेला तालुका प्रतिनिधी हा शब्द बातमीत घेत नाही तेव्हा ते त्याचं अज्ञान असेलच असं नाही, ती हुशारीही असू शकते. चिपळूणला वर्तमानपत्रांनी वाशिष्ठी नदीतला गाळ, धरणाचा विसर्ग, निळी आणि लाल पूररेषा हेच प्रश्न लावून धरले. लोक साखळी उपोषणाला बसले, आणि 2022 मध्ये गाळ निघायला लागला. जागतिक तापमानवाढीविरुद्ध कुणी साखळी उपोषणाला बसलं असतं तर प्रांताधिकाऱ्याने निवेदन घेऊन चहा पाजला असता.

पण अस्मानी-सुलतानीच्या या चौकटीची किंमतही आहे, आणि ती दरवर्षी वाढते आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. त्याच काळात मोसमाचा एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. म्हणजे पाऊस कमी आणि तडाखे जास्त. हे वाचल्यावर एप्रिलमधल्या त्या ठरलेल्या बातमीकडे बघावं: यंदा सरासरीइतका पाऊस, बळीराजाला दिलासा. ऑगस्ट 2023 हा 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरी या एका आकड्यात तो महिना कुठे दिसतो? जिल्हा पान प्रत्येक तडाखा इमाने इतबारे छापतं, पण प्रत्येक वेळी तो अभूतपूर्व असतो. 2014 ची मराठवाडा-विदर्भातली गारपीट अभूतपूर्व, 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर अभूतपूर्व, 2020 चं निसर्ग वादळ अभूतपूर्व, 2025 मध्ये 26 मे लाच मुंबईत पोचलेला मोसमी पाऊस अभूतपूर्व. शेवटचा तर नोंदींप्रमाणेही खरोखर होता. पण एवढे अभूतपूर्व रांगेने उभे राहिले तर त्यांची बेरीज कुणीतरी करायला हवी, आणि ती करणारं टेबल जिल्हा आवृत्तीत नाही. ग्रंथालय होतं तेही आवरलं. जुन्या फाइली कुठल्याशा गोदामात गेल्या.

आपल्या देशातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचं प्रकरण निराळं. सायमन बिलेट या संशोधकाने 2002 ते 2007 या काळातली चार मोठी इंग्रजी दैनिकं तपासली होती. अमेरिकेतली बडी वर्तमानपत्रं तेव्हा शास्त्रज्ञ आणि शंकेखोर यांना समान जागा देऊन समतोल साधल्याचं समाधान मानत होती. भारतीय दैनिकांना असली शंकाच नव्हती. हवामान बदलतंय आणि माणसामुळे बदलतंय, हे त्यांनी मान्यच केलेलं होतं. त्यांची चौकट होती धोका आणि जबाबदारी यांच्या वाटणीची: धोका आमचा, जबाबदारी त्यांची, म्हणजे श्रीमंत देशांची. या मांडणीचा पाया 1991 मध्ये दिल्लीतले पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी घातला होता. श्रीमंताच्या गाडीचा धूर आणि गरिबाच्या भातखाचरातला मिथेन एकाच तराजूत घालू नका, असं त्यांनी ठणकावलं होतं. अजूनही अमेरिकी माणसाच्या वाट्याला वर्षाला 14 टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड येतो, आपल्या वाट्याला 2 टनांच्या. युक्तिवाद बिनतोड आहे.

गंमत अशी की तो दिल्लीहून निघून परिषदेला जातो आणि तिथूनच परत दिल्लीला येतो. जिल्ह्यापर्यंत पोचत नाही. 24 नोव्हेंबर 2024 च्या पहाटे अझरबैजानमधल्या बाकूच्या हवामान परिषदेत ठरलं की श्रीमंत देशांच्या पुढाकाराने 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचे. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच उभं राहून हा नुसता आभास आहे असं सुनावलं. आदल्याच दिवशी महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागलेला. त्या आठवड्यात मराठी पहिल्या पानावर मुख्यमंत्री कोण, एवढा एकच प्रश्न होता. मी संपादक असते तरी निकालच लावला असता. पण नंतरही, म्हणजे पुढे पॅकेजच्या कोटींचा हिशेब मांडताना, केंद्राने किती दिले, राज्याने किती दिले, विम्याचे किती आले या रकान्यांशेजारी बाकूचा रकाना ओढावा असं कुणाला वाटलं नाही. आणि घरातला रकाना त्याहून अवघड.

चंद्रपूरचं घ्या. दर मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांच्यात पाऱ्याची शर्यत लागते आणि आपण ती क्रिकेटच्या स्कोअरसारखी छापतो. देशात सर्वाधिक उष्ण चंद्रपूर, असं हेडिंग. सोबत गॉगल, पांढरे स्कार्फ आणि नारळपाणी. त्याच चंद्रपुरात 2,920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. उकाडा वाढला की राज्याची विजेची मागणी वाढते, कोळसा कमी पडतो, 2022 च्या एप्रिलमध्ये पडला तसा, आणि भारनियमनाची बातमी लागते, त्यात खाणींतून जादा कोळसा काढण्याचं आश्वासन. पारा एका बातमीत, कोळसा दुसऱ्या बातमीत. मी चंद्रपूरच्या माणसाला दोष देत नाही, त्याच्या फुप्फुसात राख जाते आणि वीज मुंबई-पुण्यात जळते. पण धोका आमचा, जबाबदारी त्यांची ही चौकट राज्याच्या आत फिरवून बघितली तर त्यांची म्हणजे कुणाची, हा प्रश्न मराठी वाचकाला विचारता येईल. विचारल्याचं मी क्वचितच वाचलं.

समुद्राचंही असंच. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईचे तेव्हाचे महापालिका आयुक्त इक्बालसिंह चहल म्हणाले की 2050 पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालयाचा बराचसा परिसर पाण्याखाली जाईल. हेडिंग आठ कॉलमचं, सोबत लाटांखाली गेलेल्या मंत्रालयाचं कल्पनाचित्र. अजून न आलेला समुद्र पहिल्या पानावर. आलेला समुद्र मात्र रायगड आवृत्तीच्या पान चारवर असतो. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड जाते, पाणी सोडायच्या उघाडीची दारं कुजलेली असतात, खारं पाणी भाताच्या खाचरात शिरतं. एकदा शिरलं की दोन-तीन हंगाम पीक नाही. दुरुस्ती लांबली की त्या खाचरात कांदळवन उगवतं, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी. सातबारा शेतकऱ्याचा, वर उभी असते तिवराची झाडं. यावर छापून येतं: उधाणाचे पाणी शेतात, संबंधित विभागाचे दुर्लक्ष. दुर्लक्ष खरंच आहे. बांध वेळेवर बांधला असता तर शेत वाचलं असतं, हेही खरं. आणि समुद्राची पातळी वाढते आहे, म्हणून तोच बांध आता आणखी उंच लागेल, हेही. तिसरं वाक्य त्या बातमीत घातलं तर दुसरं खोटं पडत नाही. उलट बांधाचं अंदाजपत्रक जुन्याच उंचीचं का, असा प्रश्न विचारता येतो, आणि तो अस्सल सुलतानी प्रश्न आहे.

म्हणून बातमीत कुठेतरी हवामान बदल हे शब्द पेरा, असा माझा आग्रह नाही. हल्ली काही ठिकाणी ते पेरले जातात, शेवटच्या परिच्छेदात तज्ज्ञांच्या मते म्हणून. कुठले तज्ज्ञ, ते कळत नाही. एकेका पावसाला थेट तापमानवाढीचं लेबल लावणं शास्त्रालाही धरून नाही. एखाद्या घटनेची शक्यता किती पटींनी वाढली हे गणित मांडता येतं, जसं 2022 च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट तापमानवाढीमुळे सुमारे 30 पट जास्त संभाव्य झाली असं वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन या गटाने मांडलं. पण त्या गणिताला नोंदी लागतात. तिथे मला जिल्हा पानाची खरी किंमत दिसते.

2024 च्या उन्हाळ्यात हीटवॉच नावाच्या एका स्वयंसेवी गटाने देशभरातल्या बातम्या गोळा केल्या आणि 17 राज्यांत उष्माघाताने 733 माणसं गेल्याचं मोजलं. सरकारी आकडा होता 360. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसांची नोंद कुठे होती? कुठल्यातरी आतल्या पानावर, सिंगल कॉलममध्ये, कुठल्यातरी तालुका प्रतिनिधीच्या शब्दांत. खारघरला 16 एप्रिल 2023 च्या सरकारी पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेली 14 माणसं गेली, तेव्हा व्यासपीठ होतं, कॅमेरे होते, म्हणून ते राज्यभर गाजलं. शेतात, वीटभट्टीवर, रोहयोच्या कामावर एकेकटं मरणाऱ्याची नोंद त्या चार ओळींतच राहते. आणि त्या चार ओळींतून वय, वेळ, काम हेच आधी कापलं जातं.

मी डेस्क सोडलं असलं तरी जुने तालुका प्रतिनिधी अजून फोन करतात. गेल्या उन्हाळ्यात त्यातल्या एकाने कांदा काढणीवरच्या एका मजुराच्या मृत्यूची बातमी केली होती, चक्कर येऊन पडला एवढीच. मी म्हटलं, दादा, उष्माघात का नाही लिहिलंत?

"शवविच्छेदनाचा अहवाल आल्याबगर कसं लिहू मॅडम? उद्या डॉक्टर म्हणतील आम्ही असं बोललोच नाही."

"बरं, पण पारा किती होता ते तरी?"

"जिल्ह्याचा एकेचाळीस छापून आला होता. आमच्या शिवारात किती, कुणाला माहीत."

मी त्यांना महावेधची आठवण करून दिली. 2017 पासून या प्रकल्पात राज्यभरात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत, महसूल मंडळागणिक. त्यांच्याही मंडळात आहे, ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत, तारेच्या कुंपणात. ते पाऊस मोजतं, वारा मोजतं, आर्द्रता मोजतं आणि तापमानही मोजतं.

"त्याचे आकडे मी रोज बघतो की," ते म्हणाले. "पावसाळ्यात. पासष्टच्या वर गेलं का म्हणून. टेंपरेचरवर पैसे मिळत नाहीत ना मॅडम, म्हणून त्या रकान्याकडं कुणी बघतच नाही."